‘ए-वन’ : जहाजतपासणीच्या इतिहासातील एक प्रकरण

मराठी बोलण्यात ‘ए-वन’ हा शब्द कोणत्याही उत्तम वस्तूस सर्रास लावला जातो. त्याचा उगम मात्र सागरी विम्याच्या व्यवहारात आहे. आणि जहाज चांगले की वाईट हे कोणी व कशावरून ठरवावे, या जुन्या वादाचा इतिहास त्याच्याशी निगडित आहे.

अठराव्या शतकात लंडनमधील सागरी विम्याचे व्यावसायिक लॉईडच्या कॉफीगृहात जमत. स्वतः न पाहिलेल्या जहाजाची जोखीम त्यांना पत्करावी लागे. म्हणून १७६० साली त्यांनी जहाजांची नोंद ठेवणारी संस्था स्थापन केली. तिची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी नोंदवही १७६४ ची आहे. तीत सांगाड्याची प्रत ए, ई, आय, ओ, यू या स्वरांनी दर्शविली असून, शिडे, दोर, नांगर इत्यादी सामग्रीस उत्तम, मध्यम व वाईट या अर्थांच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे दिली आहेत. पुढे सामग्रीसाठी अंक आले आणि ‘ए-वन’ हे चिन्ह सिद्ध झाले.

शतकाच्या अखेरीस या पद्धतीस वेगळे वळण लागले. जहाजाची प्रत त्याचे वय व बांधणीचे स्थळ यांवरून ठरू लागली. थेम्स नदीकाठी बांधलेल्या जहाजांना त्यात झुकते माप मिळाले. संतप्त जहाजमालकांनी १७९९ साली आपली स्वतंत्र नोंदवही काढली. एक वही विमाव्यावसायिकांची, दुसरी मालकांची. निःपक्षपाती अशी एकही नाही. ही स्पर्धा दोन्ही पक्षांस परवडेना, तेव्हा १८३४ मध्ये त्यांचे एकीकरण झाले. नव्या संस्थेच्या समितीत व्यापारी, मालक व विमाव्यावसायिक या तिघांनाही स्थान मिळाले.

नव्या नियमांचे मर्म तपासणीच्या वेळांत आहे. बांधणी चालू असताना तीन वेळा पाहणी व्हावी, असे ठरले : सांगाडा पुरा झाल्यावर, तुळया बसल्यावर, पण तक्तपोशी होण्यापूर्वी, आणि काम संपल्यावर, शक्यतो रंग चढण्याआधी. दुसऱ्या पाहणीसाठी आतील काही फळ्या मुद्दाम न बसविता ठेवावयाच्या असत. कारण उघड आहे : फळ्यांमागचे कुजके लाकूड व रंगाखालचे सदोष सांधे पुढे दिसत नाहीत. जहाज कोठे जन्मले यापेक्षा ते कसे घडले याला येथे महत्त्व आले.

अर्थात जुने निकष पुरते गेले नाहीत. लाकडाच्या जातीनुसार प्रतीची मुदत ठरतच राहिली. शिवाय उत्तम बांधलेले जहाजही अतिभाराने बुडू शकते. त्यासाठी सॅम्युएल प्लिम्सॉल यांच्या चळवळीतून १८७६ चा भाररेषेचा कायदा झाला. परंतु रेषा कोठे आखावी हे त्याने मालकावरच सोपविले. तिचे स्थान कायद्याने बांधले गेले ते १८९० मध्ये.

भारतात या कार्यासाठी १९७५ मध्ये मुंबईत ‘इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग’ ही संस्था स्थापन झाली. साधने बदलली, लाकडाची जागा पोलादाने घेतली. तथापि दोष झाकला जाण्यापूर्वी तो पाहणे, आणि पाहणाराने कोण्या एका पक्षाचा नसणे, ही दोन तत्त्वे १८३४ इतकीच आजही तपासणीचा आधार आहेत.