तळटीप ७ : ‘जपानी तलवारींचा सिनेमा’

७. लेखक ज्याला ‘जपानी तलवारींचा सिनेमा’ म्हणतात, तो अकिरा कुरोसावा यांचा ‘सेव्हन सामुराई’ (१९५४). लांबी २०७ मिनिटे. त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात रौप्य सिंह. काळ सोळाव्या शतकाचा. सातू पिकला की लुटायला येणाऱ्या दरोडेखोरांविरुद्ध एक गाव सात सामुराईंना राखणीला ठेवते. मोबदला काय, तर पोटाला भात. गावकरी स्वतः भरड धान्यावर भागवतात. पाहुण्याला भात वाढून घरची माणसे नाचणीवर भागवायची, हे रत्नागिरीकडच्या जुन्या माणसांना नवे नाही.

लेखकाच्या मनात राहिलेले द्वंद्व क्यूझो या तलवारबाजाचे. आधी काठ्यांनी चाचणी होते. प्रतिस्पर्धी हार मानत नाही, म्हणून खऱ्या तलवारी निघतात आणि एकाच वारात निकाल लागतो. मारामारी क्षणाची, ताण त्याआधीच्या स्तब्धतेत.

‘शेवटी तलवारच जिंकते’ हे विधान मात्र स्मरणदोष समजावा. सातांपैकी चौघे मरतात आणि चौघेही बंदुकीच्या गोळीने, क्यूझोही त्यातच. अखेरच्या दृश्यात ढोल-बासरीच्या तालावर भातलावणी चालू असते, आपल्याकडे आषाढात गाणी म्हणत तरवा लावतात तशी. ते पाहत म्होरक्या कांबेई सांगतो की आपण पुन्हा हरलो, जिंकले ते शेतकरी. ‘शोले’च्या (१९७५) मुळाशी जे चित्रपट आहेत, त्यांत याची गणना होते. – संपा.