काजवा महोत्सव: भंडारदऱ्याला कधी जायचं आणि हेडलाइट का बंद करायचे?

मे संपत आला की रील्समध्ये लुकलुकणारी झाडं दिसू लागतात. त्यातली बरीचशी अकोले तालुक्यातल्या भंडारदरा, घाटघर, रतनवाडी भागातली. हा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

हंगाम छोटा, मेअखेर ते जूनचा मध्य. मोठा पाऊस झाला की काजवे ओसरतात. हिरडा, बेहडा, सादडा, उंबरावर नर चमकतात ते मादीला खुणावण्यासाठी, आणि मादीही उजेडानेच उत्तर देते. हेडलाइट, टॉर्च, मोबाइलच्या फ्लॅशमध्ये ही खूणच हरवते. जोडी जमली नाही तर अंडी नाहीत, म्हणजे पुढच्या वर्षी काजवे कमी. अंडी ओलसर मातीत असतात, त्यामुळे झाडाखाली फेऱ्या मारणंही नकोच. शनिवार-रविवारी मात्र गाड्यांची रांग लागते, म्हणून वन विभाग रात्रीच्या प्रवेशावर वेळेची मर्यादा घालतो.

जालन्याहून संभाजीनगर, संगमनेर, अकोले, राजूर असं जाता येतं. (मॅपवर ‘राजूर’ टाकताना तालुका बघा, नाहीतर भोकरदन तालुक्यातल्या गणपतीला पोहोचाल!) शक्यतो मधल्या वारी जा. गावातच जेवण-मुक्काम मिळतो. पाय शिवशिवत असतील तर पहाटे बारी गावातून १६४६ मीटरचं कळसूबाई शिखर चढा.