पेढीवरून सरकारदप्तरी

टपाल व तार खात्याच्या छायेत वाढलेला हिंदुस्थानचा दूरध्वनी 1980 च्या सुमारास अशा अवस्थेस येऊन ठेपला होता की, 68 कोटींच्या देशात जोडण्या जेमतेम 20 ते 25 लाख, नव्या जोडणीकरिता अर्जदारास वर्षानुवर्षे तिष्ठावे लागे, आणि घरी आलेले यंत्र चालेलच याची शाश्वती नसे; शिवाय हे साधन म्हणजे सधनांची चैन, ही समजूत सरकारदरबारीच दृढ झालेली होती.

ओडिशातील टिटिलागड येथे एका गुजराती कुटुंबात 1942 साली जन्मलेले, बडोद्यास पदार्थविज्ञान शिकून 1964 मध्ये शिकागोस गेलेले सत्यनारायण उपाख्य सॅम पित्रोदा या समजुतीविरुद्ध उभे राहिले, तेव्हा ते याचक म्हणून आले नव्हते. वेस्कॉम स्विचिंग ही आपली कंपनी रॉकवेलने 1980 मध्ये विकत घेतल्यावर द्रव्य व प्रतिष्ठा दोन्ही त्यांच्या पदरी होती, आणि इंदिरा गांधींपुढे त्यांनी मांडलेली योजना परदेशी यंत्रांच्या खरेदीची नसून, या देशाचे एक्स्चेंज याच देशात घडविण्याची होती.

या योजनेसाठी 1984 च्या ऑगस्टमध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेच्या रचनेत व्यापाऱ्याचा हात स्पष्ट दिसतो. 36 महिने मुदत आणि 36 कोटी रुपये खर्च, असा रोखठोक करार. नेमणुका व खरेदी यांत खात्याच्या नेहमीच्या जाचातून मोकळीक. आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून व दूरसंचार खात्याच्या संशोधन केंद्रातून आलेल्या जाणत्यांच्या हाताखाली तरुण अभियंत्यांचा मेळा. मोठ्या एक्स्चेंजची मुदत पाळता आली नाही, हे खरे. परंतु 1986 मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे बसविलेले 128 पोर्टचे ग्रामीण एक्स्चेंज वातानुकूलनाशिवाय, धूळ व उष्मा सोसत चालू लागले. नफ्यातोट्याचा हिशेब करणाऱ्या कोणत्याही पेढीने ज्याला गिऱ्हाईक मानले नसते, त्या गावकऱ्यास प्रमाण धरून यंत्र घडविण्याची ही बुद्धी पित्रोदांना राज्यसेवेत सुचली; ते वेळेत उभे करण्याची घाई मात्र धंद्याने शिकविलेली होती.

या कामास लागणारे खरे भांडवल मात्र राजाश्रयाचे होते. 1987 मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व सोडून, वार्षिक एक रुपया वेतनावर ते पंतप्रधान राजीव गांधींचे सल्लागार झाले आणि 1989 मध्ये दूरसंचार आयोगाचे पहिले अध्यक्ष. परंतु खात्याच्या पायऱ्या न चढता मिळालेला अखत्यार हा देणाऱ्याच्या सत्तेइतकाच टिकाऊ असतो. त्याच वर्षअखेर सत्तांतर झाले, नव्या दळणवळणमंत्र्यांनी त्यांच्या कारभारावर जाहीर आक्षेप घेतले, हृदयविकाराने प्रकृती खालावली, आणि 1991 मध्ये राजीव गांधींची हत्या झाल्यावर काही काळाने ते शिकागोस परतले. 2005 मध्ये राष्ट्रीय ज्ञान आयोगाच्या अध्यक्षपदावर पुन्हा सरकारी निमंत्रण आले, तेही एका पंतप्रधानाच्या विश्वासावरच.

पित्रोदांच्या वाट्याचे श्रेय मोजताना त्यांच्या पदांची यादी करण्याचे कारण नाही. सत्तांतरानंतरही सी-डॉट टिकली, तिचे तंत्र अनेक सरकारी व खासगी कारखान्यांस मिळाले, आणि तिची छोटी एक्स्चेंजे गावोगाव पोचली; म्हणजे संस्थेच्या स्वाधीन केलेले राहिले, व्यक्तीच्या मर्जीवर विसंबलेले गेले. धंद्यातून राज्यकारभारात येणाऱ्याने आपली कर्तबगारी किती लवकर संस्थेच्या स्वाधीन केली, हीच त्याच्या सेवेची कसोटी होय.