पन्नास सह्यांचं मुखत्यारपत्र आणि आपलं प्रवराकाठचं राजकारण

युरोपातल्या प्रबोधनाचा विषय निघाला की आपण थेट इटलीला जातो. फ्लॉरेन्स, मॅकियाव्हेली, १५१३ च्या सुमारास त्याने लिहिलेलं ‘द प्रिन्स’. सत्ता माणसं मिळवतात आणि माणसंच घालवतात, हे त्याने रोखठोक मांडलं. ठीकच आहे. पण संगमनेरच्या माणसाला आधुनिक राजकारणाचं मूळ शोधायला इतक्या लांब जायची गरज नाही, असं मला वाटतं.

२ एप्रिल १८७० ला पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, तिच्यामागे होते. तिचा एक नियम मला फार आवडतो. सभासद व्हायचं तर किमान ५० माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. मतपेटी नाही, निवडणूक आयोग नाही, इंग्रजांचं राज्य. आणि ही माणसं म्हणतात, ‘तू कुणाच्या वतीने बोलतोस ते आधी दाखव!’

पुढच्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे पुण्यात आले. जन्म निफाडचा, म्हणजे आपले शेजारीच. १८७५ ला सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, ते लोण आपल्या नगर जिल्ह्यातही आलं. पाठोपाठ दुष्काळ पडला. सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. नुसतं गाऱ्हाणं नाही, आकड्यांसकट. रानड्यांच्या राजकारणाची ही रीतच होती.

अर्थात सगळं गोड नव्हतं. ‘सार्वजनिक’ म्हणवणाऱ्या या सभेत शेतकरी, शूद्र-अतिशूद्र आहेत कुठे, हा जोतीराव फुल्यांचा सवाल होता आणि तो बिनतोड होता. जोतीराव स्वतः १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागताच्या खर्चाला त्यांनी विरोध केला. तो पैसा शिक्षणाला द्या म्हणाले. सोबत कुणी नव्हतं. थॉमस पेन वाचलेला माणूस तो, बाकीच्यांच्या माना डोलल्या म्हणून गप्प बसणारा नव्हता.

आता हे आपल्यापर्यंत कसं पोचलं ते बघा. रानड्यांचे शिष्य गोखले. गोखल्यांनी १९०५ ला भारत सेवक समाज काढला. त्या समाजाच्या पुढाकाराने १९३० ला पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. याच गाडगिळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभाची पाहणी केली. म्हणजे ओझरच्या बंधाऱ्यातून निघणाऱ्या पाण्याने कुणाचं किती भलं झालं, ते मोजलं. आणि लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला, तेव्हा अध्यक्षपदी हेच गाडगीळ बसले. पुढे भाऊसाहेब थोरातांनी संगमनेरला सहकार रुजवला. रानड्यांपासून आपल्या उसाच्या फडापर्यंत अशी सरळ वाट आहे. जोतीरावांनी विचारलेला शेतकरी सभासद म्हणून आत आला तो इथे. एक सभासद, एक मत. मग ऊस दहा गुंठे असो की दहा एकर.

म्हणूनच आजच्या वार्षिक सभा बघितल्या की जीव तुटतो. कुठल्या एका संस्थेचं नाव घेत नाही, पक्षाचं तर नाहीच. विषयपत्रिका वाचायला सुरुवात होते, मागून ‘मंजूर, मंजूर’ आणि वीस मिनिटांत राष्ट्रगीत. ताळेबंद कुणी उघडत नाही. प्रश्न विचारायला उभं राहणाऱ्याला शेजारचाच शर्ट धरून खाली बसवतो, ‘कशाला वाईटपणा घेतो रे?’

सप्टेंबरअखेरपर्यंत सगळ्या सभा होतील. अहवाल घरी आला असेल तर नफातोट्याचं पान तेवढं वाचा, मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवून. काही खटकलं तर लेखी द्या, पोच घ्या. मी माझे दोन प्रश्न लिहून ठेवलेत. तुमचे कमेंटमध्ये टाका, संस्थेचं नाव नको, फक्त प्रश्न.