झिजण्यासाठीच घडवलेला भाग

मोटारीचे ब्रेक पॅड घरी बदलणं म्हणजे मेकॅनिकच्या कामात उगाच हात घालणं, असं अनेकांचं मत असतं. ब्रेकचा इतिहास मात्र दुसरी बाजू दाखवतो. झिजणारा थर बाकीच्या यंत्रापासून वेगळा ठेवायचा, झिजला की तेवढाच बदलायचा, ही कल्पना वाहन हाकणाऱ्यांच्या गरजेतून, उतारावर जन्मली. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, पती कार्ल यांनी बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. शंभर किलोमीटरची ती वाट. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे घासून निकामी होऊ लागले, तेव्हा त्यांनी वाटेतल्या मोच्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ठोकळे तेच राहिले, झिजायचं काम चामड्याकडे गेलं. मोटारीच्या ब्रेक लायनिंगची सुरुवात इथे मानली जाते, आणि ती एका प्रवासी बाईने आणि एका मोच्याने केली.

इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या डोंगराळ भागातही हेच घडत होतं. उतारावर घोडागाडीला आवर घालायला गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्यावर जुन्या बुटांचं चामडं लावत. ते पाहून हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये अधिक टिकाऊ अस्तरावर काम सुरू केलं. आडनावातली अक्षरं फिरवून आणि पत्नी एलिझाबेथ यांच्या नावातलं ‘ई’ त्यात मिसळून ‘फेरोडो’ हे नाव तयार झालं. हेच नाव पुढे ‘हिंदुस्थान फेरोडो’ म्हणून मुंबईत, घाटकोपरच्या कारखान्यावर आलं. ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारं यंत्र. फ्रूड यांचं सुरुवातीचं अस्तर सुती होतं, आणि मोटारींचा वेग वाढला तसं ते उष्णतेने करपू लागलं. म्हणून १९०८ च्या सुमारास त्यांनी ॲस्बेस्टॉस वापरलं.

खरं श्रेय अभियंत्यांचं, गाडीवानांचं नव्हे, असा आक्षेप इथे येईल. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ मध्येच घेतलं होतं, हे खरंच. पण त्यांची तांब्याची अस्तरं चकतीवर कर्कश किंचाळत आणि लवकर झिजत. उत्तम आराखडा अस्तरावाचून अडून राहिला. डिस्क ब्रेकचा दबदबा बसला तो १९५३ मध्ये, जॅग्वारने त्याच ब्रेकवर ल मांची शर्यत जिंकली तेव्हा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ब्रेकमधली चूक जिवावर बेतते. बेतते, यात शंका नाही. पण डिस्क ब्रेकची रचना पाहा. कॅलिपरचे बोल्ट काढले की पॅड बाहेर येतात, पिस्टन मागे दाबला की नवे बसतात. तेलाची नळी उघडावी लागत नाही, त्यामुळे नळीत हवा शिरत नाही. जुन्या ड्रम ब्रेकच्या शूवर लायनर रिव्हेटने ठोकावा लागे, त्या मानाने हे काम फार सोपं आहे. गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवणं, एका आसाच्या दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदलणं, आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबणं, एवढी शिस्त मात्र सुटता कामा नये. विजेवर चालणारा हँडब्रेक असलेली मागची चाकं जाणकाराकडेच द्यावीत.

ब्रेकच्या इतिहासातला सर्वांत मोठा घात पान्ह्याच्या चुकीने झालेला नाही. तो धुळीने केला. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात रुततात, आणि त्यांचे आजार कित्येक वर्षांनी वर येतात. ब्रिटनमध्ये कारखान्यांतल्या या धुळीवर १९३१ मध्येच नियम झाले, तरी ब्रेकमधला वापर अनेक दशकं चालू राहिला. तिथे संपूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. एके काळी ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवणं ही गॅरेजांतली नेहमीची रीत होती. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या आयातीवर सरसकट बंदी नाही. म्हणून पॅड विकत घेताना खोक्यावर ‘ॲस्बेस्टॉसविरहित’ असं छापलेलं आहे का ते वाचा, आणि जुनी धूळ कधीही फुंकू नका. ओल्या फडक्याने पुसा, आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्या.