वाट हक्काची आणि वाट परवानगीची

इंग्लंडच्या मध्यभागात, नॉर्दॅम्प्टन शहराच्या दक्षिणेला, स्टोक ब्रुअर्न नावाचे एक लहानसे खेडे आहे. दगडी घरे, उंचवट्यावरचे चर्च आणि गावातून वाहणारा कालवा एवढाच त्याचा पसारा. सुटीच्या दिवशी मात्र येथे पायी भटकणाऱ्यांची वर्दळ असते. कोणी कालव्याच्या काठाने निघतो, कोणी शेतांमधून शेजारच्या गावाकडे वळतो. चालणाऱ्याच्या पायांना या दोन वाटांत फरक जाणवत नाही. प्रशासकाच्या दृष्टीने मात्र तो मोठा आहे. इंग्लंडमध्ये शेतातून जाणारी पायवाट बहुधा नोंदलेल्या सार्वजनिक हक्काची असते, तर कालव्याकाठची वाट अनेक ठिकाणी केवळ परवानगीने खुली असते. हा फरक कसा पडला, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम कालव्याकडे वळू. औद्योगिक मध्य इंग्लंडचा माल लंडनला थेट नेता यावा म्हणून १७९३ मध्ये पार्लमेंटने ग्रँड जंक्शन कालव्याचा कायदा मंजूर केला. ब्रॉन्स्टनपासून थेम्सकाठच्या ब्रेंटफर्डपर्यंतच्या या कालव्याचे मुख्य अभियंता होते विल्यम जेसप. १८०० पर्यंत जवळजवळ सर्व काम उरकले. अडला तो केवळ स्टोक ब्रुअर्न आणि ब्लिसवर्थ या गावांमधला डोंगर. तेथील बोगद्याचा पहिला प्रयत्न १७९६ मध्ये पाणी शिरल्यामुळे सोडून द्यावा लागला होता. तात्पुरता उपाय म्हणून डोंगरावरून लोखंडी रूळ टाकून घोड्यांनी ओढायच्या गाड्या सुरू झाल्या. नावेतला माल एका बाजूला उतरवायचा, डोंगरापलीकडे न्यायचा आणि पुन्हा नावेत भरायचा, असा खटाटोप पाच वर्षे चालला. अखेर २५ मार्च १८०५ रोजी सुमारे २,८०० मीटर लांबीचा ब्लिसवर्थ बोगदा खुला झाला.

या बोगद्यात घोड्यासाठी वाट ठेवलेली नव्हती. त्यामुळे बोगद्याच्या तोंडाशी घोडा सोडायचा; माणसांनी नावेवर आडवे पडून भिंतींना पाय लावीत नाव पुढे रेटायची; आणि घोड्याला डोंगरावरून चालवीत पलीकडे न्यायचे. पुढे १८७१ मध्ये वाफेच्या नावा आल्या आणि हे कष्ट संपले. पण घोड्यांच्या पायांनी मळलेली डोंगरावरची वाट राहिली. आज पर्यटक त्याच मार्गाने स्टोक ब्रुअर्नहून ब्लिसवर्थला जातात. वाटेत शेतांमध्ये विटांची जाड धुराडी दिसतात. ती खालच्या बोगद्याला हवा पुरविणारी आहेत. अभियंत्याने जी सोय केली नाही, तिच्यातून ही वाट जन्मली.

काठावरची वाटही अशीच कामापुरती होती. ती कंपनीच्या मालकीची, कंपनीच्या नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी बांधलेली. लोकांना तीवर चालण्याचा हक्क आपोआप मिळाला नाही. १८३८ मध्ये लंडन-बर्मिंगहॅम रेल्वे सुरू झाली आणि कालव्याचा व्यापार हळूहळू ओसरला. १९४८ मध्ये कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९६३ मध्ये स्टोक ब्रुअर्नच्या जुन्या धान्यगिरणीत कालव्यांचे संग्रहालय उघडले आणि १९९३ मध्ये लंडन ते बर्मिंगहॅम हा सुमारे २३३ किलोमीटरचा कालव्याकाठचा पदयात्रामार्ग आखला गेला. २०१२ मध्ये इंग्लंड व वेल्समधील सुमारे ३,२०० किलोमीटरचे जलमार्ग सरकारी महामंडळाकडून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे गेले. मालक बदलत गेले, वापर बदलत गेला. अनेक ठिकाणी कायदेशीर स्थिती मात्र तीच राहिली. मालक चालू देतो म्हणून लोक चालतात. २०२३ मध्ये सरकारने या ट्रस्टचे अनुदान २०२७ पासून टप्प्याटप्प्याने घटविण्याचे जाहीर केले, तेव्हा अनेकांना चिंता वाटली ती यामुळेच. परवानगीची वाट ही परवानगी देणाऱ्याच्या तिजोरीवर अवलंबून असते.

शेतातल्या वाटेची कथा वेगळी आहे. चर्चला, गिरणीला, बाजाराला जाण्यासाठी लोकांनी पिढ्यान् पिढ्या पायाखाली घातलेल्या या वाटा. त्यांवरही संकटे आली. १८१५ च्या कायद्याने दोन न्यायदंडाधिकाऱ्यांना एखादी पायवाट अनावश्यक ठरवून बंद करण्याचा अधिकार दिला. हे दंडाधिकारी बहुधा स्वतःच जमीनदार असत, तेव्हा परिणाम काय झाला हे सांगायला नको. १८२६ मध्ये मँचेस्टरला पुरातन पायवाटांच्या रक्षणासाठी एक संस्था निघाली. १९३२ च्या एप्रिलमध्ये गिरणीशहरांतील तरुण किंडर स्काउटच्या खाजगी डोंगरावर सामुदायिकरीत्या घुसले आणि त्यांपैकी पाच जण तुरुंगात गेले. त्याच वर्षी कायदा झाला की वीस वर्षे विनाअडथळा, हक्क म्हणून वापरलेली वाट सार्वजनिक मानली जावी.

परंतु खरा टप्पा १९४९ चा. राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण प्रवेशासंबंधीच्या त्या वर्षीच्या कायद्याने प्रत्येक काउंटी कौन्सिलवर आपल्या हद्दीतील पायवाटांचा नकाशा तयार करण्याचे बंधन घातले. पाहणीचे प्राथमिक काम पॅरिश कौन्सिलांवर, म्हणजे तेथील ग्रामपंचायतींवर, आले. गावकऱ्यांनी वाटा चालून पाहिल्या, फाटक कोठे, कुंपणावरची पायरी कोठे, हे लिहून काढले; मग मसुदा, हरकती, सुनावणी आणि अंतिम नकाशा. त्यावर दाखवलेली वाट हा न्यायालयात निर्णायक पुरावा ठरतो. आज इंग्लंड व वेल्समध्ये अशा वाटांची एकूण लांबी सुमारे २,२५,००० किलोमीटर आहे. नोंदीबरोबर कर्तव्यही आले. शेतातून आडवी जाणारी पायवाट नांगरली, तर १९९० च्या कायद्यानुसार शेतकऱ्याने ती चौदा दिवसांत किमान एक मीटर रुंदीची पूर्ववत करून द्यायची असते.

या नोंदीचे बळ किती, हे याच परगण्यात दिसले. नॉर्दॅम्प्टनशायर काउंटी कौन्सिलने २०१८ च्या फेब्रुवारीत आर्थिक दिवाळखोरीची नोटीस काढून नवा खर्च थांबविला. १ एप्रिल २०२१ रोजी ती संस्थाच विसर्जित झाली आणि स्टोक ब्रुअर्न वेस्ट नॉर्दॅम्प्टनशायर कौन्सिलच्या कारभारात आले. देखभालीला पैसा कमी पडू शकतो, संस्था बुडू शकते. पण नकाशावरची वाट नव्या संस्थेच्या दप्तरात जशीच्या तशी गेली, कारण हक्क संस्थेचा नव्हता, लोकांचा होता.

अर्थात जी वाट नोंदवायची राहिली तिचे काय? २००० च्या कायद्याने जुन्या, अनोंदित वाटांसाठी २०२६ ही अंतिम मुदत घातली होती. स्वयंसेवक जुने नकाशे, जमीनवाटपाचे निवाडे धुंडाळू लागले. २०२३ मध्ये मुदत २०३१ पर्यंत लांबली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती रद्दच करण्याचा मनोदय सरकारने जाहीर केला. पाऊणशे वर्षांपूर्वी एखाद्या गावाने पाहणी नीट केली की नाही, याचे फळ आजचा पादचारी भोगतो आहे.

महसूल खात्यातील कोणालाही येथे आपल्या पाणंद रस्त्यांची आठवण होईल. शेतरस्त्यावरील अडथळा दूर करण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ मध्ये आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ नुसार तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतो. पण कलम १४३ चा हक्क मुख्यतः शेतकऱ्याचा, आपल्या शेतापर्यंत पोचण्यापुरता. तसाच, एकेका शेतकऱ्याच्या अर्जावर, आपण तो सांभाळतो. इंग्लंडने पायवाट ही साऱ्या जनतेची मानली, परगावच्या अनोळखी वाटसरूचीही, आणि अर्ज येण्याची वाट न पाहता गावोगावची पाहणी करवून घेतली. आपल्याही गावनकाशांवर तुटक रेषांनी दाखवलेल्या वाटा आहेत. त्या जमिनीवर शिल्लक आहेत का, हे पाहण्यासाठी ग्रामसभेच्या चार माणसांना नकाशा घेऊन एक दिवस चालावे लागेल.