कुलपाला मुदत कळत नाही

‘चाचेगिरी’चा आरोप काही इंटरनेटबरोबर आलेला नाही. अठराव्या शतकात अलेक्झांडर डोनाल्डसन हे स्कॉटिश पुस्तकविक्रेते मुदत संपलेली पुस्तकं स्वस्तात छापून विकायचे. लंडनच्या प्रकाशकांचं म्हणणं, ही चोरी; आमचा हक्क कायमचा. वास्तविक १७१०च्या ब्रिटिश कायद्यानं नव्या पुस्तकाला १४ वर्षं दिली होती. लेखक हयात असेल तर आणखी १४. अखेर १७७४मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं निकाल दिला: हक्क कायमचा नाही.

आज तोच कायमचा हक्क डिजिटल कुलूप होऊन मागच्या दारानं येतोय. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ अभ्यासासाठी रास्त वापराची मुभा देतं. कुलपाला मात्र ना अभ्यास कळतो, ना मुदत. लेखकाला मोबदला मिळायलाच हवा. पण कायद्यानं वाचकाला दिलेलं कुलपानं काढून घेतलं, तर चोर कोण, हे आपण विचारायला नको का?